सांगली-साताऱ्याकडचं मटण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर माण तालुक्यातलं आणि सासर तासगाव साइडला, त्यामुळं एक पाय साताऱ्यात आणि एक सांगलीत. बँकेत बदलीवर आलेले शेजारी, पुण्या-मुंबईची भाचरं, बाहेरच्या जिल्ह्यातनं नव्यानं आलेल्या सुना, सगळ्यांचे प्रश्न तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. क्रम वगैरे काही लावला नाही, आठवलं तसं लिहिलंय.

तुमच्याकडं रोज मटणच असतं का हो?

नाही हो. हे हॉटेलांच्या पाट्या बघून झालेलं मत आहे. हायवेला लागलं की दर दहा पावलांवर मटण थाळीचा बोर्ड, म्हणून लोकांना वाटतं घरी पण तेच चालू असेल. घरात रोज भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे पिठलं, मेथी, वांगं, मटकी, शेपू, आमटी. मटण बऱ्याच घरात रविवारी, आणि ते पण प्रत्येक रविवारी नाही, कारण रेट परवडत नाही. पगार झाला, पाहुणे आले, जत्रा आली की मग मटण. एरवी अंडी, चिकन किंवा सुकट. आणि सांगली जिल्ह्यात जैन आणि लिंगायत शेतकरी भरपूर आहेत, त्यांच्यात हा विषयच नाही, त्यामुळं "सांगलीकर म्हणजे मटणवाले" असं सरसकट बोलू नका, ऐकणारा एखाद्या वेळी जैन वस्तीच्या समडोळीचा निघायचा.

कुठल्या वारी खायचं, कुठल्या वारी नाही?

हा खरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळं इथंच आहे. आपल्याकडं "तुम्ही खाता का?" हे विचारून काही कळत नाही, "आज चालतं का?" असं विचारायचं असतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा नाहीतर देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यात एकादशी आली की गेला तो दिवस, संकष्टी आली की गेला. घरातल्या एकाचा सोमवार, दुसऱ्याचा गुरुवार, तिसरीचा वैभवलक्ष्मीचा शुक्रवार असेल तर मग रविवार सोडून काही उरतच नाही. म्हणून रविवारी सकाळी दुकानासमोर रांग असते आणि सोमवारी तोच दुकानदार पेपर वाचत बसलेला दिसतो.

वर्षाचं गणित पण असंच. आषाढात आखाड, म्हणजे श्रावण लागायच्या आधी खाऊन घ्यायचं, आणि आषाढी अमावस्येला गटारी करून एकदाचं बंद. मग श्रावण पाळायचा, काहीजण गणपती उठेपर्यंत ओढतात, काहीजण थेट दसऱ्यापर्यंत. नवरात्रात घट बसलेल्या घरी तर प्रश्नच नाही. एक गंमत बघा, कुपवाडच्या एमआयडीसीत यूपी-बिहारची पोरं आहेत, त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला. म्हणजे आमचा आखाड रंगात आलेला असतो तेव्हा ती पोरं सोडून बसलेली असतात, आणि आम्ही सोडल्यावर पंधरा दिवसांत त्यांचं सुरू.

सणाचा नियम सोपा आहे: सणाला गोड, दुसऱ्या दिवशी करीला तिखट. होळीला पुरणपोळी आणि धुळवडीला मटण, संक्रांत झाली की कर, बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला की कर. आणि कर सोमवारी आली तर घराघरात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते, सासरे म्हणतात करीला वार बघायचा नसतो, सासूबाई म्हणतात आमच्यात बघतात, शेवटी मंगळवार पण जातो आणि बुधवारी शिजतं.

हे वाराचं फक्त आपल्यातच आहे का?

अजिबात नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२१ मध्ये भारतभराचा एक मोठा सर्व्हे काढला होता, त्यात ३९ टक्के लोकांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं, पण मांसावर काहीतरी बंधन पाळणारे, म्हणजे अमुक प्राणी नाही किंवा अमुक दिवशी नाही असं म्हणणारे, तब्बल ८१ टक्के निघाले. म्हणजे खाणाऱ्यांतले पण बहुतेक जण काहीतरी पाळतातच.

शेजारच्या देशात पण दिवस आहेतच, कारणं वेगळी. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोया असतो, बौद्धांचा दिवस, त्या दिवशी मांस आणि दारूची विक्री बंद. पाकिस्तानात मंगळवार-बुधवार मटण-बीफची दुकानं बंद ठेवायचा जुना नियम आहे आणि त्यात धर्माचा काही संबंध नाही, जनावरं कमी पडू नयेत म्हणून तो काढलेला. नेपाळात दसऱ्याला, त्यांच्या दशैंला, बोकड कापतात. बंगाली लोक तर दुर्गापूजेच्या नवमीला मटण खातात, म्हणजे आमच्या घरी घटापुढं उपास चालू असतो तेव्हा त्यांच्याकडं रस्सा. आणि काश्मिरी पंडितांच्यात महाशिवरात्रीला मांसाचा नैवेद्य असतो. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी मोबाइल काढून घ्यायची भाषा केली.

घरात एक माळकरी आणि बाकीचे खाणारे, मग जमवता कसं?

आमच्या घरात हेच आहे. सासूबाईंनी पंढरीची माळ घातलीय, तुळशीची माळ गळ्यात आली की मांस-मच्छी, दारू सगळं बंद. पण पोरं-नातवंडं खातात. तर व्यवस्था अशी: मटणाचं पातेलं, पळी, परात वेगळी, ती माळ्यावर एका पोत्यात असतात. चूल परसात, गोठ्याच्या भिंतीला लागून. वाटण आत मिक्सरला होतं कारण कांदा-खोबऱ्याला काही विटाळ नाही, पण मटणाचं पातेलं उंबऱ्याच्या आत येत नाही. भाकरी आतल्या तव्यावर होतात आणि बाहेर जातात, बाहेर गेलेली भाकरी परत आत येत नाही.

आणि मजा म्हणजे अजून पण मसाला सासूबाईच टाकतात. चाखत नाहीत. वाफेवरनं वास घेतात, रस्स्यावर तेल कसं सुटलंय ते बघतात, मग एखाद्या नातवाला हाक मारून त्याच्या तळहातावर चमच्यानं रस्सा टाकतात आणि म्हणतात, "मीठ बघ रं." पोरगं "बास" म्हणालं की पातेलं उतरलं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरडवरनं जाते, त्या पट्ट्यातल्या माझ्या मावशीकडं पालखी पुढं सरकेपर्यंत खाणाऱ्यांच्या घरी सुद्धा काही शिजत नाही, आणि आषाढी झाली की पुढच्या बुधवारपासनं आखाड चालू.

फ्लॅटमध्ये हे सगळं जमत नाही. तिथं वेगळा कुकर एवढंच उरतं, आणि तो कुकर धुवायचा कुणी यावरनं भांडण.

बोकड चांगला की मेंढी?

यावर दोन गट आहेत आणि ते मरेपर्यंत भांडणार. बोकडाचं मटण घट्ट, कमी चरबीचं, रस्सा हलका. मेंढीचं मऊ, चरबी जास्त, गार झालं की ताटाला आणि टाळूला चरबी धरते, पण गरम असताना चव वेगळीच. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा म्हणजे मेंढरांचा मुलुख, पाऊस कमी, ऊस नाही, जित्राब हीच बँक. धनगर लोक मेंढरं घेऊन पाण्याच्या भागात जातात, शेतात मेंढरं बसवतात, खत शेतकऱ्याला आणि धान्य-पैसे मेंढपाळाला. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी तर प्रसिद्ध आहे, नाक पोपटासारखं बाकदार, अंगावर तांबूस पट्टे, उंच आणि वजनाला भारी. तिच्या चांगल्या नराचे भाव ऐकले तर तुम्ही ते जनावर कापायचं मनात पण आणणार नाही. शेळ्यांत काळी उस्मानाबादी जास्त दिसते.

यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. काही घरात बोकड चालतच नाही, फक्त मेंढी, कारण देवी बोल्हाई. पुणे जिल्ह्यात वाडे बोल्हाईला तिचं ठाणं आहे, तिला मानणारी कुळं शेळी-बोकड खात नाहीत. दुकानावर "बोल्हाईचे मटण मिळेल" अशी पाटी दिसली तर ते मेंढीचं. तुमच्या घरी असे पाहुणे येणार असतील तर आधी फोन करून विचारा, ताट वाढल्यावर कळलं की फार अवघड होतं.

बोकडाला वास येतो अशी तक्रार असते, तर तो न खच्ची केलेल्या मोठ्या बोकडाला येतो. खच्ची बोकड किंवा कवळं जनावर घ्या.

फलटणला मेंढ्यांवर संशोधन होतं म्हणतात, ते काय?

निंबकर कृषी संशोधन संस्था, १९६८ पासनं आहे. आपली दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते, हा मेंढपाळाचा मूळ प्रॉब्लेम. बंगालच्या सुंदरबनात गारोळे नावाची बारकी मेंढी आहे, तिच्यात जुळी व्हायचा जीन आहे. तो जीन संकरानं आपल्याकडच्या मेंढीत आणला आणि नारी सुवर्णा तयार केली, तिला बऱ्याचदा जुळी होतात. दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी आपल्याकडं पसरवण्यात पण याच लोकांचा हात. मटण महाग का हे विचारणाऱ्यांनी हा भाग समजून घ्यावा, खाणारी तोंडं वाढली, चराऊ रानं कमी झाली, आणि जनावर काही कारखान्यात वाढत नाही. २०१९ च्या शेवटी कोल्हापुरात मटणाच्या दरावरनं आंदोलन झालं होतं, लोकांना हसू आलं पण मला नाही आलं.

दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं?

"एक किलो द्या" असं म्हणून मोबाइल बघत उभं राहिलात की संपलं, सगळी गर्दन आणि हाडं पिशवीत. समोर उभं राहून सांगा. रश्शाला मिक्स: थोडी मांडी, थोडा खांदा, सीना, चाप आणि नळ्या. सुक्क्याला मांडी. बिर्याणीला मांडी आणि चाप, पीस मोठे. म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला सूप करायचं तर पाया किंवा नळ्या. कलेजी वेगळी मागा आणि त्याच दिवशी करा. ताजं मटण गुलाबी-लालसर, हाताला ओलसर पण चिकट नाही, चरबी पांढरी. लटकवलेल्या जनावराला शेपटी ठेवलेली असते ती उगीच नाही, शेळीची आखूड आणि वर वळलेली, बोकड की मेंढी ते गिऱ्हाइकानं ओळखावं म्हणून. सकाळी आठच्या आत जावा. अकराला गेलात तर जे उरलंय तेच मिळणार आणि वर दुकानदार "ताई, तुमच्यासाठीच ठेवलंय" म्हणणार.

हिंदू घरात बकरं कापायला मुलाणी का बोलावतात?

कारण पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलंय. मुलाणी हा गावगाड्यातला मुसलमान बलुतेदार, गावच्या जत्रेला, नवसाला, लग्नाच्या जेवणाला बकरं हलाल करायचं काम त्याचं, आणि त्याचा हिस्सा ठरलेला असायचा. मराठा, धनगर, माळी कुणाच्याही घरी. हिंदू खाटीक पण आहेत, त्यांची दुकानं आहेत. आता हलाल-झटका वरनं मोबाइलवर बरंच काही फिरतं, ज्याला जे पाहिजे त्यानं ते घ्यावं, पण माझ्या माहेरी देवीचा बोकड मुलाण्यानंच कापला आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, देवीला पण नाही. मिरजेला ख्वाजा शमना मिरा दर्ग्याच्या उरसाला सगळ्या जातीधर्माची माणसं जातात, त्याच वळणाचं हे आहे.

तांबडा-पांढरा कोल्हापूरचा, मग तुमचं काय?

कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर, रस्सा काय जिल्ह्याच्या हद्दीवर थांबणार आहे का! सांगलीत तांबडा-पांढरा सर्रास होतो. पण खेड्यात घरी होतं ते म्हणजे आळणी आणि रस्सा. पद्धत सांगते.

मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ठेवायचं. पातेल्यात थोडं तेल, कांदा, मग मटण टाकून परतायचं, पाणी घालायचं नाही. झाकण म्हणून वर खोलगट ताट ठेवायचं आणि त्या ताटात पाणी. खाली मटण स्वतःच्या पाण्यात शिजतं आणि वर ताटातलं पाणी वाफेनं तापतं, खालचं आटलं की तेच गरम पाणी आत ओतायचं आणि ताटात परत नवीन भरायचं. गार पाणी ओतलं की मटण आखडतं असं आई म्हणायची. कुकरला हे सगळं होत नाही पण गॅस वाचतो, चार-पाच शिट्ट्या, जनावर जून असेल तर जास्त.

शिजलं की वरचं पाणी काढून घ्यायचं, ते आळणी. बारक्या पोरांना, आजाऱ्यांना आणि तिखट न सोसणाऱ्या पाहुण्यांना वाटीत तेच द्यायचं, मिरपूड टाकून. पांढरा करायचा असेल तर याच आळणीत नारळाचं दूध, काजू-खसखस-तिळाचं वाटण. राहिलेल्या मटणाला भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, कोथिंबीर यांचं वाटण आणि घरची चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवलेला. तेलात चटणी टाकायची तेव्हा गॅस बारीक, करपली की रस्सा काळा आणि कडू, मग कितीही पाणी ओता. सोबत भाकरी, आमच्याकडं ज्वारीची आणि माणमध्ये थंडीत बाजरीची, चुरून. चमच्यानं रस्सा पिणाऱ्याला आम्ही काही बोलत नाही पण बघतो.

एवढं तिखट का करता?

सगळं तिखट नसतं. लाल दिसतं ते बरंचसं ब्याडगी मिरचीमुळं, ती रंगाला. तिखटपणा संकेश्वरी आणि लवंगीचा. घरचा रस्सा हॉटेलएवढा जहाल कधीच नसतो, तिथं वरचा कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, दाखवायला तेल-चटणी ओततात आणि रात्री तुमचं पोट दुखतं. मिरची इथली नाहीच मुळात, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली, त्याआधी तिखट म्हणजे मिरी-सुंठ. मांस मात्र जुनं आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, ज्यांच्या राज्यात हा आपला भाग पण होता, त्याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात भाजलेलं मांस, रक्त भरून केलेले प्रकार, कासव, शेतातले उंदीर असं सगळं लिहून ठेवलंय. म्हणजे "आमच्या पूर्वजांनी कधी खाल्लं नाही" आणि "तांबडा रस्सा शिवकाळाच्या पण आधीचा", दोन्ही जपून बोला.

वजडी, रक्ती, मुंडी हे कोण खातं?

आम्ही. वजडी, म्हणजे पोट-आतडी, साफ करायला अर्धा दिवस जातो, गरम पाण्यात बुडवून खरवडायची, चुना लावून धुणारे पण आहेत. रक्ती म्हणजे गोठलेलं रक्त, कांद्यावर परतून, भाकरीसोबत. जत्रेला बकरं कापलं की पहिल्यांदा रक्ती-कलेजी चुलीवर चढते कारण बाकीचं शिजेपर्यंत पाव्हण्यांना काहीतरी पाहिजे. शहरात वाढलेली सून तोंड वाकडं करते, हरकत नाही, तिला जबरदस्ती करू नका. तिच्या वाटणीचं खाणारे असतातच.

जत्रेचं आमंत्रण आलंय, काय असतं?

गावच्या जत्रेला साधारण दोन दिवस. पहिला गोडा निवद, पुरणपोळी, पालखी, रात्री छबिना. दुसरा खारा निवद, म्हणजे मटण, आणि संध्याकाळी कुस्त्यांचा फड. देवाला गोड आणि त्याच्या रखवालदाराला, म्हसोबाला नाहीतर आसऱ्यांना, खारं, असं बऱ्याच गावात आहे. आमंत्रण एकाचं असलं तरी गाडी भरून या, कुणी मोजत नाही. ओळखीच्या चार घरी बोलावलंय तर चारी घरी टेकायला पाहिजे, पहिल्याच घरी पोट भरलंत तर पुढचे तिघं रुसतात.

मांढरदेवच्या काळूबाईला आता देवळाच्या परिसरात कापता येत नाही. जानेवारी २००५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, शेकडो माणसं गेली, त्यानंतर प्रशासनानं तिथं पशुहत्येला बंदी केली. बंदी बरोबरच आहे, अरुंद वाट आणि लाखाची गर्दी, तिथं हे नकोच. लोक घरी येऊन करतात.

गावठी कोंबडी ओळखायची कशी? कडकनाथचं काय झालं?

गावठीचं मांस घट्ट, हाड टणक, शिजायला तासभर तरी, पाय बारीक आणि खरखरीत. ब्रॉयलर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन किलोचा होतो, वीस मिनिटांत शिजतो. बाजारात "गावठी" म्हणून गिरिराज ही संकरित कोंबडी किंवा म्हातारी झालेली अंड्याची लेअर कोंबडी गळ्यात मारतात, विटा-खानापूर भागात लेअर पोल्ट्र्या भरपूर, अंडी द्यायची थांबली की त्या कुठंतरी जाणारच. लेअरची चोच पुढनं कापलेली असते, ते बघा. ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात म्हणतात, तसं नसतं, ती जातच तशी निवडून निवडून तयार केलेली आहे आणि खाद्य तसं आहे.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, मांस काळं, २०१८ ला जीआय टॅग मिळाला. आणि २०१९ ला आपल्याच वाळवा भागातनं पिल्लं देतो, अंडी-पक्षी परत विकत घेतो म्हणून शेतकऱ्यांचे पैसे घेऊन बुडवल्याचं प्रकरण गाजलं. पक्षी चांगला आहे, स्कीम वाईट होती. त्यातनं सावरतायत तोवर २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाऊन कोरोना होतो अशी अफवा, पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले. नीट शिजवलेल्या चिकननं बर्ड फ्लू पण होत नाही, सत्तर डिग्रीच्या वर विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर उकळत असतो.

मासे मिळतात का इथं?

मिळतात, पण कोकणी माणसानं नाक मुरडायचं नाही. कृष्णा, वारणा, कोयनेचे रोहू, कटला, मरळ, वाम, चिलापी. पहिल्या पावसात चढणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर येणारे मासे. पाटण-जावळीकडं ओढ्यातले काळे खेकडे, त्याचं कालवण प्यायला लोक कराडवरनं जातात. समुद्राचं ताजं चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येतं आणि सुकं पण, पावसाळ्याआधी आठवड्याच्या बाजारात बोंबील, सुकट, जवळ्याची पोती लागतात. चुलीवर भाजलेला बोंबील, कांदा आणि भाकरी, वार मोकळा असेल तर यापुढं मटण पण फिकं.

बीफबद्दल कायदा काय आहे?

थोडक्यात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाय कापायला बंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळू पण त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली, पण परराज्यातनं आणलेलं असं मांस नुसतं जवळ असणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस-रेडा या बंदीत नाही. केरळात, ईशान्येला कायदे वेगळे. नेपाळात गाय राष्ट्रीय प्राणी, मारायला बंदी, पण काठमांडूला म्हशीचे मोमो सगळीकडं. बाकी या विषयावर जेवताना वाद घालायचा नाही, रस्सा गार होतो.

पैलवान रोज मटण खातात ना?

खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई आधी, मग ज्याच्या घरी चालतं त्याचं मटण-अंडी. शाकाहारी पैलवान पण चिक्कार आहेत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकात कांस्य आणलं, ती सगळी मेहनत नुसत्या मटणावर निघाली असं समजणारी पोरं तालमीत येतात आणि पंधरा दिवसांत घरी जातात.

बायका शेवटी का जेवतात, आणि त्यांना पीस का उरत नाहीत?

हा मला एका नव्या सुनेनं विचारलेला प्रश्न आहे, आणि तो सारखा विचारला जायला पाहिजे म्हणून इथं टाकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाचे ८३ टक्के पुरुष आणि ७१ टक्के बायका मांस-मासे खातात असं निघालं. न खाणाऱ्या बायकांतल्या काहींनी मनानं सोडलंय, उपास-वार बायकांच्या डोक्यावरच जास्त. पण खाणाऱ्या बाईच्या ताटात सुद्धा शेवटी रस्सा आणि मानेचं हाड येतं, नळी नाही. ॲनिमिया कुणाला जास्त आहे ते दवाखान्यात विचारा. मी आमच्या घरी सरळ उपाय केलाय, मटण शिजलं की पुरुषांना वाढायच्या आधी स्वयंपाक करणाऱ्यांच्या वाट्याचं एका डब्यात काढून ठेवते, कलेजीसकट. पहिल्यांदा कुजबुज झाली. आता दीरच विचारतात, "डबा काढला का?"

मी शाकाहारी आहे, उपाशी राहीन का?

नाही. अख्खा मसूर मागा, इस्लामपूर-कराड पट्ट्याची खासियत, मटणाच्याच मसाल्यात केलेली, सोबत रोटी. घरी आलात तर वांग्याचं भरीत, ठेचा, दही, शेंगांची चटणी. फक्त धाब्यावर विचारून घ्या, एका ठिकाणी आम्हाला मटणाच्या रस्स्यात मसूर टाकून दिलेली, सासूबाईंनी वासावरनं ओळखली आणि ताट सरकवलं. वेगळी कढई आहे का हे विचारायला लाजू नका.

उरलेलं मटण दुसऱ्या दिवशी चालतं का?

रात्रीचा रस्सा सकाळी जास्त चांगला लागतो, मसाला मुरतो. पण फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर, आणि परत खळखळून उकळून. उन्हाळ्यात तासगावला चाळीस डिग्री असतं, ओट्यावर रात्रभर ठेवलेलं फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी. आणि रविवारचं उरलं तर सोमवारी खायचं का? सासूबाईंचं उत्तर: उजाडायच्या आत संपवा नाहीतर बुधवारपर्यंत फ्रीझरला टाका. त्यांच्या फ्रिजमध्ये नाही, दिराच्या.